मिशी कुणासाठी काढली?

आबांनी जिभेने चमचा बाहेर ढकलला. पेज हनुवटीवरून ओघळून गळ्यातल्या टॉवेलवर आली. मी पुसली आणि पुन्हा चमचा भरला. त्यांनी दात आवळले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मामा, थांब. जबरदस्ती नको," मागून सुमन सिस्टर म्हणाल्या.

मामा म्हणजे मी. दवाखान्यात वरकाम करणाऱ्या पुरुषाला मामा म्हणतात आणि बाईला मावशी. वयाचा काही संबंध नाही. मला तेव्हा मिशीसुद्धा धड फुटली नव्हती आणि सत्तरीचे म्हातारे मला मामा म्हणून हाक मारायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की चेष्टा करतायत.

आमचं सेंटर किकवीच्या पुढे, हायवेला लागून आहे. मोठ्या हॉस्पिटलमधून सोडलेला, पण घरी सांभाळता येत नाही असा पेशंट आमच्याकडे येतो. लकवा झालेला, खुब्याचं ऑपरेशन झालेला, अंथरुणावर खिळलेला. त्याला आंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं, चालवायचं. सांगायला सोपं काम आहे. मी नांदेडच्या पार टोकाकडचा, किनवटच्या बाजूचा. नववीत शाळा सोडली. गावातल्या एकाच्या ओळखीने इथे आलो तेव्हा मला फक्त फरशी पुसता येत होती. बाकीचं सगळं सुमन सिस्टरांनी शिकवलं. त्या भोरच्या. रोज स्कूटीवरून येतात. अंगाला हात लावण्याआधी सांगायचं, पडदा सरकवण्याआधी विचारायचं, चादर कमरेच्या वर नेताना कमरेखाली दुसरी टाकायची, हे सगळं त्यांचं. मी कमी शिकलेला आहे हे त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. तरी मला रोज वाटायचं, आज काहीतरी चुकणार आणि बॅग भरायला सांगणार. आबा जेवेनात तेव्हा तर ते फारच वाटायला लागलं, कारण आबांना भरवायचं काम माझं होतं.

आबा वेल्ह्याच्या वरच्या अंगाचे, धरणापलीकडच्या गावातले. भाताची शेती. मेंदूला रक्तपुरवठा कमी पडून लकवा झाला होता. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचासुद्धा गेली, पण एक शब्द राहिला होता. "चला." पाणी हवं असलं तरी चला, लघवीला जायचं तरी चला, राग आला तरी चला. सिस्टर म्हणाल्या होत्या, असं होतं. डोक्यात सगळं असतं, समजतं सगळं, पण तोंडापर्यंत येताना शब्द हरवतो आणि हाताला लागेल तो एकच बाहेर येतो. थोड्या दिवसांत मला आबांचे चला ओळखू यायला लागले. पाण्याचा चला मऊ असायचा. लघवीचा तुटक आणि घाईचा.

ते आले तेव्हा अंगात ताप होता आणि नाकात नळी होती. लकव्यात गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घालतात आणि तिच्यातून पातळ अन्न देतात. नळीचा त्रास होतोच. आबा चांगल्या डाव्या हाताने ती उपटायचे. दोनदा उपटली. मग डाव्या हाताला कापडी पंजा बांधला, बॉक्सिंगवाल्याच्या हातासारखा, आणि पंजाची नाडी कॉटच्या दांडीला. उजवा हात आजाराने बांधलेला, डावा आम्ही. मला ते बघवायचं नाही. सिस्टरांनाही बघवायचं नाही, पण नळी उपटताना नाकातून रक्त आलं होतं.

मग ताप उतरला आणि घोट देऊन बघितला. थोडं पाणी देतात, ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का ते बघतात. आबा पास झाले. डॉक्टर मॅडमनी नळी काढली, मी पंजा सोडला. त्या दिवशी आबांनी अख्खी वाटी पेज खाल्ली. मी इतका खूश झालो की घरी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "तुझा कोण लागतो रे तो?" मी म्हटलं, पेशंट.

दुसऱ्या दिवसापासून जेवण बंद.

डॉक्टर मॅडम राउंडला आल्या. त्यांनी आबांची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. म्हणजे अंगात पाणी कमी.

"गिळता येतंय, पण गिळत नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर परत नळी."

"आणि हात?" सिस्टरांनी विचारलं.

मॅडम काही कठोर बाई नाहीत. "नळी असली की हात बांधावा लागेल, सुमन. पर्याय सांग, मी ऐकते."

पर्याय कुणाकडेच नव्हता. आबांच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत होईना. ते सगळं ऐकत होते.

मी माझ्या परीने सगळं करून बघितलं. पेजेत मीठ कमी, मीठ जास्त. गोड शिरा पातळ करून. टेकून नीट बसवून, हनुवटी खाली करून, डाव्या गालात घास ठेवून, कारण उजवी बाजू बधिर असते आणि घास तिथेच साठून राहतो. काही नाही. आबा एकच करायचे. डावा हात वरच्या ओठावर फिरवायचे. मग डोक्यावरून फिरवायचे. मग एक बोट वर छताकडे करायचे, आणि पंजा उलटा करून माझ्याकडे बघायचे. "चला?"

हा चला नवीन होता. मला अर्थ लागेना.

ओठाचं मला समजलं असं वाटलं. नळीची चिकटपट्टी तिथे असायची, कातडी चिडली असणार. मी व्हॅसलिन लावलं. बोट छताकडे म्हणजे पंखा. मी पंखा एकवर केला. आबांनी मान हलवली. तीनवर केला. मान हलवली. बंद केला. आबांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा बोट वर. पुन्हा मी बटणाशी. शेजारच्या कॉटवरचे खुब्याचे पेशंट म्हणाले, "अरे मामा, त्या पंख्याला तरी जगू दे."

दुपारी आबांचा मुलगा आला. संजय. वरव्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, सुटला की बाइकवरून येतो. आईचे गुडघे धरलेले, तिला एवढ्या लांब आणता येत नाही, म्हणून एकटाच येतो. येताना नेहमी सफरचंदं आणतो, जी आबांना चालत नाहीत आणि मग मीच खातो.

"आबा, जेवायचं का नाही? असं करून कसं चालंल?" तो म्हणाला.

आबांनी बोट वर केलं, पंजा उलटा केला. "चला?"

"व्हय, व्हय. घरी जायचंय. आधी बरं व्हा," संजय म्हणाला. मग कॉटच्या पायथ्याशी येऊन हळू आवाजात मला म्हणाला, "मामा, दादांचा विषय यांच्यासमोर काढू नका हां. मागं बी सांगितलं होतं."

दादा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. आबा लहान असताना वडील वारले, दादांनीच त्यांना वाढवलं, लग्न लावून दिलं. हे संजयनेच मला एकदा सांगितलं होतं. विषय का काढायचा नाही ते मी विचारलं नाही. नातेवाइकांना उलट विचारायची माझी छाती नव्हती. मी मान हलवली. कॉटकडे बघितलं तर आबा आमच्याकडेच बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. लकव्यात माणूस हळवा होतो, उगाच रडतो, हे मला शिकवलेलं होतं. मी डोळे पुसले आणि पुढच्या कॉटकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई आले. हायवेच्या वस्तीत त्यांचं सलून आहे. आठवड्यातून एकदा पेटी घेऊन येतात आणि आमच्या सगळ्या पुरुषांच्या दाढ्या करतात. तोंड सतत चालू. कुणाच्या शेतातून रिंगरोड चाललाय, कुणाची म्हैस व्याली, सगळं त्यांच्याकडून कळतं.

आबांच्या कॉटपाशी त्यांनी पेटी उघडली. "काय आबा, कशी हाय तब्येत? करायची का गुळगुळीत?"

आबांनी डाव्या हाताने सलीमभाईंचं मनगट धरलं. घट्ट. त्यांचा हात ओढून स्वतःच्या वरच्या ओठावर ठेवला. मग डोक्यावर ठेवला. मग बोट वर केलं. पंजा उलटा केला. "चला?"

मी सवयीने पंख्याच्या बटणाकडे निघालो.

"थांब रं," सलीमभाई म्हणाले. त्यांचं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी बघितलं. "मामा, यांच्या घरात काय झालंय का?"

"काय होणार? काही नाही."

"आरं, मिशी आन डोकं दोन्ही म्याच उतरवलंय. तापात व्हते तवा. त्यांना ठावं न्हाई कवा काढलं, कशापायी काढलं." त्यांनी वस्तरा पेटीत ठेवला. "ते इचारत्यात, वर कोण गेलं?"

आबांनी मनगट सोडलं. डोळे मिटले आणि मान खाली घातली. "चला," ते म्हणाले. इतका लहान चला मी आधी कधी ऐकला नव्हता.

मला अजून उलगडा होत नव्हता. सलीमभाईंनीच सांगितलं. इकडच्या गावांत घरातलं थोरलं माणूस गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी पुरुष डोकं आणि मिशी उतरवतात. एरवी कुणी मिशीला हात लावत नाही. सलीमभाईंच्या वस्तऱ्याखाली अशी कितीतरी डोकी आलेली. आम्ही बौद्ध. आमच्या घरी कुणी गेलं तर वंदना होते, पुण्यानुमोदन होतं, पण केस-मिशी काढायची रीत नाही. मला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. माहीत असलेले संजय आणि सलीमभाई दोघेही स्वतःच्या घाईत. ताप चढलेला, नळीची पट्टी मिशीवर चिकटत नाही, नळी सारखी सुटते. त्या आठवड्यात मी वरच्या मजल्यावर होतो, आबांना मिशीसकट कधी बघितलंच नव्हतं, पण काय झालं असेल ते इथे काम करणाऱ्या कुणालाही समजेल. मुलाला फोन केला, मुलगा म्हणाला काढा की, सलीमभाईंनी काढली. डोक्याचे केसही मशीनने बारीक केले, पुसायला बरं म्हणून. सगळ्यांना विचारलं होतं. ज्याची मिशी त्याला सोडून.

मग शुद्ध आली तर हात पंजात. पंजा सुटला आणि पहिल्यांदा हात ओठावर गेला. दुसऱ्या दिवसापासून जेवण बंद. आता सगळं सरळ दिसत होतं, आणि मी दोन दिवस पंखा चालू-बंद करत होतो.

सिस्टरांना बोलावून आणलं. त्यांनी स्टूल ओढलं, आबांच्या डोळ्यांच्या रेषेत बसल्या. घाई नाही. आबांचा डावा हात हातात घेतला.

"आबा, हो असेल तर हात दाबा. तुम्हाला वाटतंय का, घरातलं कुणी गेलं?"

आबांनी हात दाबला.

"काकू? संजयची आई?"

आबांचा हात ढिला राहिला.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. विषय काढायचा नाही असं सांगितलं होतं. पण आबांच्या घरात त्यांच्याहून थोरलं असं एकच माणूस उरलं होतं.

"सिस्टर, दादा," मी म्हणालो. "थोरले भाऊ."

आबांनी हात असा दाबला की सिस्टरांच्या बांगडीचा वळ उमटला.

"आबा, दादा आहेत. मिशी आम्ही काढली, नळीची पट्टी बसावी म्हणून. कुणी गेलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. पटलं नव्हतं. आजारी माणसाला सगळे हेच सांगतात. आणि कॉटच्या पायथ्याशी झालेली कुजबुज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

सिस्टर व्हरांड्यात आल्या आणि संजयला फोन लावला. स्पीकरवर. "तूही ऐक," मला म्हणाल्या.

"दादा कसे आहेत?" सिस्टरांनी विचारलं.

"दादा? ठणठणीत. काल भाताच्या खाचरात व्हते. का वो?"

"मग त्यांचा विषय का नाही काढायचा?"

संजय म्हणाला, "सिस्टर, दादांना आम्ही सांगितलंच न्हाई. आबांना पुण्यात डोळ्याच्या आपरेशनला नेलंय म्हणून सांगितलंय. दादांचं वय झालंय, त्यांचा जीव आबांवर. लकवा म्हणलं तर तेच खाली बसतील. आन आबांना दादा का येत न्हाईत असं वाटाया नको, म्हणून विषयच नको म्हणलं."

"संजय, आबांना वाटतंय दादा गेले."

फोनमध्ये कंपनीच्या मशीनचा आवाज येत राहिला.

"त्यांची मिशी काढली. डोक्याचे केस काढले. वर तू म्हणतोस विषय काढू नका. तुझ्या बापाने काय समजायचं?"

"आयला," संजय म्हणाला. मग, "सॉरी सिस्टर. मग मी फोन लावून देऊ का दादांना? पर वर गावात रेंजचं काय खरं न्हाई."

"फोनवर कुणाचाबी आवाज काढता येतो," मागून सलीमभाई म्हणाले. ते अजून गेले नव्हते. बाकीच्या दाढ्या तशाच राहिल्या होत्या.

"आण त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "आजच. संध्याकाळी मॅडम नळी घालणार आहेत."

"पर दादांना काय सांगू? इतके दिवस खोटं बोललो त्ये?"

"खरं सांग. दोघांनाही काही कळू द्यायचं नाही हे तूच ठरवलंस. त्या दोघांना कुणी विचारलं?"

संजयने शिफ्ट अर्धी टाकली. कुणाची तरी जीप घेतली आणि वेल्ह्याचा रस्ता धरला.

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. वरून नसरापूरला उतरून हायवेला लागायचं आणि किकवीपर्यंत यायचं. वाटेत गाडी बंद पडली तर? दादा यायला तयार नाही झाले तर? खरंच धक्का बसला तर? सिस्टरांनी आबांना सांगून टाकलं होतं, "दादा आज येतील." असं वचन द्यायचं नसतं हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "माहितीये मला. तू दारात उभा राहा." मी प्रत्येक हॉर्नला बाहेर बघत होतो. मॅडमनी ट्रॉलीवर ट्रे ठेवला होता. नळी, जेली, चिकटपट्टी, आणि एका कोपऱ्यात धुऊन घडी केलेला तो कापडी पंजा. मी ट्रेवर टॉवेल झाकला, आबांना दिसू नये म्हणून. मॅडमनी ते बघितलं आणि टॉवेल तसाच ठेवला.

चहाच्या वेळेला जीप आली.

आधी काठी उतरली, मग धोतर, मग दादा. आबांपेक्षा उंच. डोक्याला पांढरी टोपी, आणि मिशी अशी की दोन्ही टोकं गालांवर चढलेली. मागून संजय, मान खाली. वाटेत त्याचं काय झालं असेल ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

मी पडद्यापाशी जाऊन म्हटलं, "आबा, आत येऊ का? पाहुणे आहेत." आणि पडदा सरकवला.

दादा कॉटसमोर उभे राहिले. भावाचा वाकडा झालेला चेहरा बघितला, निर्जीव हात बघितला. खाली बसतील म्हणून मी खुर्ची पुढे सरकवली. दादांनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर आबांच्या ओठावर थांबली होती.

"ह्ये काय रं?" सगळा वॉर्ड ऐकेल एवढ्या आवाजात दादा म्हणाले. "मिशी कुणासाठी काढलीस? म्या मेलो व्हय?"

आबा बघत राहिले. मग त्यांचा डावा हात वर उठला. दादा खाली वाकले. आबांनी त्यांच्या मिशीचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं.

"आगा आगा! वढू नगंस, खरी हाय!"

शेजारचे खुब्याचे पेशंट इतके हसले की टाका दुखतोय म्हणून ओरडले. सिस्टर हसत होत्या आणि चष्मा पुसत होत्या. आबा रडत होते, पण हे रडणं लकव्याचं नव्हतं, एवढं मला आता कळत होतं. "चला," ते म्हणाले. "चला, चला, चला."

"कुठं चला? आधी खा. हाडं निघाली की तुझी." दादांनी संजयकडे हात केला. "डबा काढ."

डब्यात घरच्या इंद्रायणीचा मऊ भात होता. दादांनी सवयीने मोठा घास उचलला. मी घाबरत घाबरत म्हणालो, "दादा, असा नाही चालणार. ठसका लागेल." मला वाटलं आता माझ्यावर येणार. पण त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मग कसा? दाव."

मी भात वरणात कुस्करला, पातळ केला. आबांना नीट बसवलं. हनुवटी खाली, लहान चमचा, डावा गाल. एक घास गिळला की मगच दुसरा. दादांनी चमचा हातात घेतला आणि लहान पोराला भरवावं तसा आ करायला स्वतःच तोंड उघडलं. आबांनी खाल्लं. वाटी संपली. डॉक्टर मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रॉली स्वतः ढकलत बाहेर नेली.

मग जे मला नको होतं ते आलं. दादांनी आबांचं तोंड पुसलं आणि विचारलं, "काढली कुणी मिशी?"

सलीमभाई दुपारीच सटकले होते. संजय जमिनीकडे बघत होता. मी काढली नव्हती, पण या खोलीत सगळ्यात सहज ज्याच्यावर ढकलता येईल असा मीच होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"आम्ही काढली," सिस्टर पुढे झाल्या. पण त्या दादांकडे वळल्या नाहीत, संजयकडेही नाही. पुन्हा त्या स्टुलावर बसल्या. "आबा, तुमची मिशी आम्ही तुम्हाला न विचारता काढली. ताप होता, पण उतरल्यावर तरी सांगायला हवं होतं. तेही केलं नाही. आमची चूक झाली. माफ करा."

मी असं कधी बघितलं नव्हतं. पेशंटची माफी मागतात ती नातेवाइकांकडे. बिल भरणारा तो, भांडणारा तो. जो अंथरुणात आहे त्याची माफी कुणी मागत नाही. आबांनी सिस्टरांच्या हातावर दोन चापट्या मारल्या, जरा जोरातच. "चला," ते म्हणाले. हा चला कुणीही ओळखला असता.

दादा खुर्चीत बसले. "जाऊ द्या. मिशीपायी मला तरी कळलं," ते म्हणाले. मग संजयकडे वळले. "न्हाईतर मी बसलो असतो वाट बघत, याला डोळ्यानं नीट दिसाया लागलं का म्हणून. काय रं, डोळ्याचं आपरेशन? मग पुढं काय सांगनार व्हतास मला? चश्मा लागला म्हणून?"

संजय ओशाळून हसला. मीसुद्धा.

त्यानंतर आबा आमच्याकडे होते तोवर दादा येत राहिले. कधी जीप, कधी ST ने कापूरहोळला उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने. मला दरवेळी विचारायचे, "काय मामा, गावाकडं आई बरी हाय ना?" एकदा तांदळाची पिशवी आणली आणि म्हणाले, आईला पाठव. किनवटला तांदूळ कसा पाठवणार? मी सुट्टीवर जाताना घेऊन गेलो. आईने भात केला आणि विचारलं, "तुझे कोण लागतात रे हे?" या वेळी मी पेशंट म्हटलं नाही, आणखी भात मागितला.

पुढच्या आठवड्यात सलीमभाई आले तेव्हा बिचकतच आबांच्या कॉटपाशी गेले. पांढरे खुंट उगवले होते. "आबा, ठिवायची ना?" आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की सलीमभाईंनी वस्तरा ओठाजवळ आणलाच नाही. काठी धरून चालायला लागले आणि आबा घरी गेले, तेव्हा मिशी ओठ झाकण्याइतकी झाली होती. टोकं वळायला अजून वेळ होता. दादांनी जाता जाता ती बोटाने बघितली आणि म्हणाले, "चालंल."

आता आमच्याकडे नवीन मुलं कामाला येतात तेव्हा त्यांना मी शिकवतो. आधी मला ते विचित्र वाटायचं, नववीत शाळा सोडलेल्या माणसाने काय शिकवायचं. पण सिस्टर म्हणतात तूच शिकव, म्हणून शिकवतो. वस्तरा लावण्याआधी पेशंटला विचारायचं, बोलत नसला तरी. ताप असेल तर उतरल्यावर सांगायचं. आणि त्याच्या कॉटच्या पायथ्याशी कुजबुजायचं नाही.

पेशंटकडून उत्तर यायला कधीकधी बराच वेळ लागतो. दाढीच्या वाटीतलं पाणी गार होतं. मुलं वैतागतात. मी त्यांना सांगतो, जा, परत तापवून आण.